सागरतळीची पोथी

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या शाळेत भूगोल शिकवला, आणि मी आयुष्यभर मराठी शिकवली. तेव्हा आजचा विषय दोहोंच्या सीमेवरचा असावा असे मनाशी योजले होते. विषय आहे समुद्राच्या तळाशी विसावलेल्या जुन्या जहाजांचा आणि पाण्याखाली श्वास घेत त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या अभ्यासकांचा. समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या आदिलाबादेत हा विषय का, असे कोणी विचारील. गुरुजी नकाशासमोर उभे राहिले म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरच्या पैनगंगेवर छडी ठेवीत. तेथून वर्धा, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता, पुढे गोदावरी आणि शेवटी समुद्र. छडी न उचलता ते तेथवर पोहोचत. समुद्र परका नाही, वाट तेवढी लांब आहे, हे आम्ही त्या छडीकडून शिकलो.

दुसरे नाते सागाचे. आपला जिल्हा सागवानाच्या रानांसाठी नावाजलेला आहे, आणि हिंदुस्थानातील जहाजबांधणीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी सागाचाच इतिहास होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा स्वतंत्र विचार आहे. रानातील साग परवानगीने तोडावा, पण रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे त्या ग्रंथाचे सांगणे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. तेव्हा जहाज हा आपल्या रानातून समुद्राकडे गेलेला विषय आहे.

सुंचीचा खडक

गोव्यात झुआरी नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ पाण्याखाली एक खडकाळ पट्टा आहे. त्याचे नाव सुंची. तेथे पाण्याची खोली अवघी तीन ते सहा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या विहिरीहूनही कमी. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागातील अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस या खडकाभोवती बुड्या मारून शोध घेतला. लोथलचे उत्खनन ज्यांच्या नावे प्रसिद्ध आहे त्या डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ साली या संस्थेत सागरी पुरातत्त्वाच्या कार्याचा पाया घातला. द्वारकेच्या समुद्रातील संशोधनामुळे ते कार्य सर्वतोमुखी झाले. सुंचीची वार्ता मात्र सामान्य वाचकापर्यंत फारशी आली नाही.

सुंचीच्या खडकातील खाचाखळग्यांत काय सापडले? हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, तोफा, ब्राँझच्या नळीची एक हातबंदूक, लोखंडी नांगर, घडीव दगड, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि मर्तबान जातीच्या मोठ्या बरण्यांची खापरे. शास्त्रीय कालमापनावरून आणि वस्तूंच्या घडणीवरून हे अवशेष सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका जहाजाचे, बहुधा पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे, असावेत असे अभ्यासकांनी ठरविले.

या यादीतील दोन शब्दांवर भाषेचा विद्यार्थी म्हणून मला क्षणभर थांबावेसे वाटते. ‘मर्तबान’ हा शब्द आपल्या भागात नवा नाही. दखनी बोलणाऱ्या घरांत लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरातून अशा बरण्या जगभर जात, म्हणून त्या बंदराचे नाव बरणीला मिळाले असे मानले जाते. ‘चिनी माती’ हा शब्द तर आपला उगम उघडच सांगतो. स्वयंपाकघराच्या फळीवर बसलेले हे शब्द कधीकाळी जहाजातून आले, आणि सुंचीच्या तळाशी त्या शब्दांमागच्या वस्तू अजून पडून होत्या.

पाण्याखालचा श्वास

तेथवर माणूस पोहोचतो कसा? ‘स्कूबा’ हे नाव पाण्याखाली श्वसनासाठी लागणाऱ्या स्वयंपूर्ण उपकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून बनले. आजच्या उपकरणाचा आद्य नमुना १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केला. पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा असते. ती निव्वळ प्राणवायू नसते; आपण येथे घेतो तीच साधी हवा असते. तोंडाशी असलेली झडप ही हवा सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देते, आणि याच युक्तीवर सारे अवलंबून आहे.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. दाबातील बदलाचे प्रमाण सर्वाधिक असते ते वरच्या पहिल्या दहा मीटरांत. दहा मीटरवर फुप्फुसे भरून घेतलेली हवा पृष्ठभागी येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे त्यामुळे फाटू शकतात. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये हा पहिला नियम, आणि सावकाश वर यावे हा दुसरा. फार खोलवर बराच वेळ राहिल्यास हवेतील नायट्रोजन रक्तात व स्नायूंत विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, प्रसंगी पक्षाघात होतो. सुंचीसारख्या उथळ जागी हे दुसरे भय कमी, पण पहिले पुरेपूर असते. शिवाय उथळ खडकावर लाटांचे हेलकावे पाणबुड्याला पुढेमागे ढकलीत असतात, आणि हातातील मोजपट्टी धरावी की खडक, असा प्रश्न पडतो.

पाणी रंगही गिळते. प्रथम तांबडा रंग नाहीसा होतो आणि सारे जग निळसर-हिरवे दिसू लागते. वस्तू असते त्याहून जवळ आणि मोठी भासते, त्यामुळे नजरेने केलेले माप फसते. बोलता येत नाही म्हणून खुणांची भाषा वापरावी लागते. त्या भाषेत वर केलेला अंगठा ‘उत्तम’ असे सांगत नाही, ‘वर चल’ असे सांगतो. नवशिक्याने या एका खुणेचा अर्थ चुकवला तर जोडीदार खरोखरच वर निघून जातो.

उबदार समुद्राचे एक वैशिष्ट्य येथे नमूद करणे अगत्याचे आहे. गोव्याचे पाणी कोमट, पाणबुड्याला सुखाचे. परंतु जे पाणबुड्याला सुखाचे तेच लाकूड पोखरणाऱ्या जीवांनाही मानवते. खाऱ्या पाण्यातील हे जीव उघड्या पडलेल्या लाकडाची चाळण करून टाकतात. १६२८ साली बुडालेली स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढता आली, कारण बाल्टिक समुद्राच्या थंड, कमी खाऱ्या पाण्यात हे जीव तगत नाहीत. आपल्या समुद्रात लाकूड वाचते ते बहुधा चिखलात वा वाळूत गाडले गेले तरच. मागे उरतात धातू, दगड, दात, खापऱ्या. जहाज नाहीसे होते आणि त्याने वाहून आणलेले ओझे राहते. तेव्हा या ओझ्याच्या मांडणीवरून जहाजाची कल्पना करावी लागते.

वस्तू आणि वस्तूची जागा

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सुंचीला पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा हा मूळचा आफ्रिकेचाच प्राणी, तेव्हा हा माल आफ्रिकेचा हे निश्चित. मग जहाज आफ्रिकेहून गोव्यास येत होते काय? तसे म्हणावे, तर मर्तबानी बरण्या ब्रह्मदेशाकडच्या आणि भांडी चीनची. पण बरण्या तर पिण्याचे पाणी साठविण्यासाठी पुष्कळ जहाजांवर असत, त्या मालात मोडत नाहीत. मग चिनी भांडी कप्तानाच्या जेवणाची की विक्रीची?

या प्रश्नांची उत्तरे वस्तू हातात घेऊन मिळत नाहीत. ती मिळतात वस्तू कोठे, कशाशेजारी, किती खोलवर आणि कोणत्या दिशेने पडली होती यावरून. सुळे एकत्र रचलेले होते की विखुरलेले? भांडी एकावर एक बसविलेली होती की एकटीदुकटी? नांगर नाळेपाशी पडून होता, म्हणजे बांधलेलाच राहिला; की दूर रुतलेला होता, म्हणजे शेवटच्या घटकेला कोणी तो टाकून जहाज सावरू पाहिले? एका नांगराच्या जागेत त्या रात्रीची अर्धी हकीकत दडलेली असू शकते.

म्हणून जाणता पाणबुड्या वस्तू उचलण्याआधी लिहितो. तळावर दोरी ताणून तो आधाररेषा आखतो, चौकटी मांडतो, प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने आराखडा काढतो, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घेतो, प्रत्येक वस्तूला क्रमांक देतो. ती वर आणल्यावरही काम संपत नाही. शतकानुशतके मीठ मुरलेली वस्तू उन्हात वाळू दिली तर आतल्या मिठाचे स्फटिक होऊन ती तडकते, लोखंडाचे पोपडे निघतात. तिला गोड्या पाण्यात ठेवून, पाणी वारंवार बदलून, महिनोन्महिने मीठ काढावे लागते.

पूर्वी असे होत नसे. धंदेवाईक पाणबुडे खाली जात, हाती लागेल ते आणीत, आणि विद्वान डेकवर बसून ते पाहत. १९६० साली तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ केप गेलिदोन्या येथे जॉर्ज बास या तरुण पुरातत्त्वज्ञाने ही रीत मोडली. तो स्वतः बुडी मारायला शिकला आणि कांस्ययुगातील जहाजाचे अवशेष जमिनीवरच्या उत्खननाइतक्याच शिस्तीने त्याने तळावरच नोंदले. वाचकाने पोथीपाशी स्वतः गेले पाहिजे, दुसऱ्याकडून चार पाने मागवून भागत नाही, हा धडा सागरी पुरातत्त्वाने त्या वर्षी घेतला.

मला तो धडा उशिरा मिळाला. प्रबंधाच्या दिवसांत मी जुनी बाडे शोधीत गावोगाव फिरत असे. एका वाड्यात घरधनिणीने फडताळातून लाल कापडाचे बासन काढून दिले. आत दोन फळ्यांच्या मध्ये सुटी पाने होती. पुष्कळांवर अंक नव्हते. मला हवे असलेले आख्यान त्यात दिसले. मी तेवढी पाने मागून घेतली, उरलेली ढीग करून परत बांधली. कोणते पान कोणत्या पानानंतर होते याची टाचणही केली नाही. पुढे अभ्यास करताना जाणवले की माझ्या आख्यानाचा शेवट दुसऱ्या एका पानावर असला पाहिजे, आणि कवीची नाममुद्रा तेथेच असणार. दुसऱ्या वर्षी गेलो. घर पडले होते, बासन कोणाला ठाऊक नव्हते. प्रबंधात मी ‘कर्ता अज्ञात’ असे लिहिले. परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारला नाही. पण कर्ता अज्ञात नव्हता, माझ्या घाईने तो अज्ञात झाला. पन्नास वर्षे होत आली, त्या बासनाचा लाल रंग अजून डोळ्यांपुढे आहे.

सालाची साक्ष

गोव्याच्याच समुद्रात सेंट जॉर्ज खडकाजवळ दुसऱ्या एका जहाजाचे अवशेष मिळाले. त्यावर भाजलेल्या मातीचा इमारती माल होता : खांबांचे नक्षीदार माथे, कौले, धुराड्याच्या विटा. काहींवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा ठसा आणि १८६५ हे साल. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांवर आणि शाळांवर जी मंगलोरी कौले दिसतात त्यांचाच हा वंश.

विद्यार्थी म्हणतील, तर मग जहाज १८६५ साली बुडाले. तसे नाही. १८६५ हे मंगळुरूचा कारखाना स्थापन झाल्याचे साल. ठशात ते पुढेही येत राहू शकते. त्यावरून इतकेच सिद्ध होते की जहाज १८६५ च्या आधी बुडालेले नाही. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात हाच सापळा असतो. नकलकार मूळ पोथीच्या शेवटचा शकही जसाच्या तसा उतरवून घेतो, आणि उतावळा संशोधक दीडशे वर्षांनंतरची नक्कल मूळ मानून बसतो. काळ सांगणारा आकडा आणि काळाचा पुरावा यांत अंतर असते. मला तर वाटते, पाठचिकित्सा शिकवायची असेल तर हे कौल वर्गात आणून दाखवावे.

लूट, कायदा आणि स्मशान

१७५२ साली ‘गेल्डरमाल्सन’ हे डच जहाज दक्षिण चिनी समुद्रात बुडाले. १९८५ साली एका धंदेवाईक शोधकाने त्यातून लाखाहून अधिक चिनी भांडी वर काढली, आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. कपबश्या जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचल्या. जहाज कसे भरले होते, माणसे कशी राहत होती, हे ज्या मांडणीतून कळले असते ती मात्र नोंदीशिवाय विस्कटली. या आणि अशा लुटींचा परिणाम म्हणून २००१ साली युनेस्कोने पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार केला. तो २००९ पासून अंमलात आला. अवशेष शक्यतो आहेत तेथेच राखावेत आणि त्यांचा व्यापार होऊ नये, ही त्याची दोन मुख्य सूत्रे. आपल्या देशात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातही २००१ साली जलमग्न अवशेषांसाठी स्वतंत्र शाखा निघाली.

कायद्यापलीकडची एक गोष्ट आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील किती घरांत आषाढातली ती अमावास्या आजही आठवली जाते. सुंचीच्या जहाजावरही माणसे होतीच. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, एवढाच फरक. तेथे जाणाऱ्याने आपण कोणाच्या तरी शेवटच्या जागी आलो आहोत हे ध्यानी ठेवावे.

आपले काम

हे सारे येथील मुलांना सांगण्याचे कारण असे. आता मालवण, तारकर्ली, गोवा येथे हौशी प्रवाशांनाही प्रशिक्षकांच्या सोबतीने स्कूबाचा अनुभव घेता येतो. या शाळेतील मुले सहलीला जातात, उद्या नोकरीधंद्यानिमित्त किनाऱ्यावर राहतील. त्यांनी अवश्य बुडी मारावी. शरीर सुदृढ असेल, वैद्याची हरकत नसेल आणि शिकविणारा जाणता असेल, तर त्यात संकोच करण्याजोगे काही नाही. माझे वय निघून गेले, नाहीतर मीही गेलो असतो. पण तळाशी एखादी खापरी दिसली तर ती आठवण म्हणून खिशात घालू नये. जागा लक्षात ठेवावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि वर आल्यावर पुरातत्त्व खात्यास कळवावे.

ज्यांना समुद्र कधीच दिसणार नाही त्यांच्यासाठीही काम आहे. आपल्या जिल्ह्यातील घरांत बासने आहेत, मोडी कागद आहेत, शेतात नांगराला लागणाऱ्या मूर्ती आणि नाणी आहेत. हाती लागताच त्या उचलण्याआधी एक कागद घ्यावा. काय, कोठे, कशाशेजारी, कोणत्या दिवशी, एवढे चार शब्द लिहावेत. सुंचीच्या पाण्यात सहा मीटर खाली, लाटांचे धक्के खात, अभ्यासकांनी जे पेन्सिलीने लिहिले ते हेच. माझ्या हातून त्या वाड्याच्या ओसरीवर, कोरड्या जमिनीवर बसून, एवढेही झाले नाही.

गुरुजींची छडी पैनगंगेवर सुरू होई ती समुद्रावर थांबे. आज मी ती समुद्रातून परत आपल्या गावात आणून ठेवली आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून येथेच थांबतो.